हजार कोटी डाउनलोड आणि चौसष्ट अक्षरं

एक हजार कोटी. एकावर दहा शून्यं. लिहायला दोन सेकंद पुरतात. मोजायला बसलात तर काय होतं, ते बघा.

इंग्लंडमधल्या रॉबिन स्कॉट या तरुणाने २००१ मध्ये सुरू केलेलं एक छोटं संकेतस्थळ पुढे नेक्सस मॉड्स या नावाने वाढलं. तिथे मॉड मिळतात. मॉड म्हणजे व्हिडिओ गेममध्ये घालायची भर, आणि तीही खेळणाऱ्यांनीच रात्री जागून हौसेने केलेली. नवी तलवार, नवा किल्ला, नवी केशरचना, पावसाचा नवा रंग, कधी गेमच्या पोटात अख्खा दुसरा गेम. बहुतेक सगळं फुकट! २०२४ मध्ये या एका ठिकाणावरून झालेल्या डाउनलोडचा आकडा एक हजार कोटींना पोचला.

सेकंदाला एक, असं मोजू. जेवायचं नाही, झोपायचं नाही, पापणी लवायची नाही. किती काळ लागेल? ३१७ वर्षं. २०२४ मधून ३१७ वर्षं मागे या. १७०७! औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारला मरण पावला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले, ते साल. त्या वर्षी मोजायला बसलेल्या माणसासमोरून पेशवाई आली आणि गेली, पानिपत झालं, बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला गेली, देश स्वतंत्र झाला, महाराष्ट्र राज्य झालं, गिरण्या उभ्या राहिल्या आणि बंद पडल्या. हा माणूस आपला मोजतोच आहे.

आता तेच रुपयांत. प्रत्येक डाउनलोडमागे एक नाणं ठेवा. रुपयाचं नाणं साधारण २२ मिलिमीटर रुंद. नाण्याला नाणं भिडवून रांग लावली तर ती २ लाख २० हजार किलोमीटर भरते. मुंबई ते पुणे १५० किलोमीटर धरलं तर ही रांग मुंबई ते पुणे १,४६७ वेळा अंथरता येईल. विषुववृत्तावरून पृथ्वीला गुंडाळायला घेतली तर साडेपाच वेढे. आणि माणसांत मोजायचं तर मुंबईची उपनगरी रेल्वे दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी वाहते. चर्चगेट ते विरार, सीएसएमटी ते कसारा-कर्जत, पनवेल, सगळे मार्ग धरून. एक हजार कोटी प्रवासी व्हायला या अख्ख्या रेल्वेला साडेतीन वर्षांहून जास्त काळ, एकही सुट्टी न घेता धावावं लागेल.

आणि हे झालं फक्त एक दुकान! कर्सफोर्ज वेगळं, मॉडरिंथ वेगळं, २०११ पासून चालू असलेलं स्टीम वर्कशॉप वेगळं.

एवढ्या हौशी उद्योगातून निघतं काय? निघतो पैसा, आणि तोही डोळे फिरतील एवढा. वॉरक्राफ्ट ३ या गेमवर खेळाडूंनी डोटा नावाचा मॉड केला. त्याचा वारस डोटा २. त्या गेमच्या २०२१ च्या जागतिक स्पर्धेचं बक्षीस होतं ४,००,१८,१९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ३०० कोटी रुपये. पाचशेच्या नोटा केल्या तर ६० लाख नोटा. नोट १५ सेंटिमीटर लांब. टोकाला टोक लावा: ९०० किलोमीटर. मुंबईहून पुण्याला तीनदा जाऊन तीनदा परत, संपूर्ण रस्ता नोटांवरून. बीज काय? कुणीतरी हौसेने केलेला मॉड.

आणि पबजी? ज्याने आपल्याकडच्या कट्ट्यांवर, वसतिगृहांत, एसटीच्या मागच्या बाकांवर एक पिढी खिळवून ठेवली, तो पबजी? त्याचंही मूळ मॉडमध्येच आहे. आर्मा २ या गेमवर डीन हॉलने २०१२ मध्ये डेझेड हा मॉड केला. त्या मॉडवर ब्रेंडन ग्रीनने आणखी एक मॉड केला, शेवटी एकच जिवंत उरेल असा. मॉडवरचा मॉड! त्यातून पबजी, आणि पबजीवर भारतात २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आल्यावर २०२१ मध्ये त्याचाच भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय. वर्षभरात नोंदणी केलेले खेळाडू १० कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. एका हौशी फाइलच्या नातवाने जवळजवळ एक महाराष्ट्र गोळा केला.

मॉड ज्या मैदानावर उतरतात ती मैदानंही बघून घेऊ, कारण तिथे तर श्वासच अडकतो. माइनक्राफ्ट. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत ३० कोटी प्रती विकल्या गेल्या. त्यातलं एक जग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ६ कोटी ठोकळे रुंद असतं आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर. म्हणजे ६०,००० किलोमीटर. मुंबई-पुणे चारशे वेळा! आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर धरलं तर २४० वाऱ्या. गेममधला तो चौकोनी माणूस न थांबता चालत सुटला तर त्याला १६० दिवस लागतात. जग लांबीलाही तेवढंच, म्हणून क्षेत्रफळ ३६० कोटी चौरस किलोमीटर. आपल्या पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग, समुद्र धरून, ५१ कोटी. एका जगात सात पृथ्वी. आणि अशी जगं किती निघू शकतात? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. जगातल्या ८०० कोटी माणसांना सारखी वाटली तर माणशी २३० कोटी जगं, आणि प्रत्येकात पुन्हा सात-सात पृथ्वी. तुमच्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला.

एवढं मोठं अंगण मिळाल्यावर ती मुलगी मॉड उतरवणारच. तिने उतरवावेतच! सिम्स ४ मध्ये घर सजवणारी मुलं तर भरीला सीसीच म्हणतात, म्हणजे कस्टम कंटेंट. कुणी नऊवारी शोधतं, कुणी नथ, कुणी तुळशीवृंदावन. खुद्द गेमच्या कंपनीने २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून कपड्यांचा एक संच बेतला होता, पण हौशी मंडळींचा उत्साह कंपनीच्या कितीतरी पुढे धावतो. त्या उत्साहाला दटावणं मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा तिला आकडे दाखवावेत. आकडे ऐकले की मुलं स्वतःच सावध होतात.

पहिला आकडा लहान आहे. ४२ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारं फुलांचं चित्रही याहून जड असतं. झिप केलेली एक फाइल आहे, ४२.झिप नावाची, अनेक वर्षांपासून संगणकवाल्यांना ठाऊक असलेली. तिच्या पोटात सोळा झिप, त्या प्रत्येकीच्या पोटात पुन्हा सोळा, असं पाच मजले खाली जातं. तळाला १०,४८,५७६ फायली, आणि प्रत्येक ४ जीबीहून मोठी. सगळी उलगडली तर ४५ लाख जीबी! रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर एवढा डेटा उतरवायचा तर ८,२०० वर्षं लागतील. ८,२०० वर्षांपूर्वी हडप्पा-मोहेंजोदडोची वीटही भाजलेली नव्हती. फुगवटा किती पट? सुमारे १०,६०० कोटी पट. ज्वारीचा एक दाणा तेवढ्या पटीने फुगला तर त्याची ३,००० टनांहून जास्त ज्वारी होईल. तळहातावरच्या एका दाण्यातून अख्खी मालगाडी भरून वाहील! २०१९ मध्ये डेव्हिड फिफील्ड यांनी तर मजलेही काढून टाकले. त्यांची ४६ एमबीची झिप एका झटक्यात, एकाच उलगड्यात त्याच ४५ लाख जीबीपर्यंत फुगते.

मॉड बहुतेक वेळा झिप, सेव्हन-झेड किंवा आरएआर अशा गाठोड्यांतच येतात, म्हणून हे सांगितलं. आजचे अँटिव्हायरस हा झिप-बॉम्ब ओळखतात. पण त्यातून एक सवय लावून घेण्यासारखी आहे: गाठोडं सोडण्याआधी ते उघडून आतली यादी वाचायची. सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फाइलचा उलगडलेला आकार शेजारीच दिसतो. केसांच्या एका वेणीचा मॉड ५० जीबी असेल, तर ती वेणी नव्हे. गाठोड्याला पासवर्ड असेल आणि तो शेजारी मजकुरात लिहून दिलेला असेल, तर आणखी सावध. कुलूप लावलेलं गाठोडं अँटिव्हायरसला आतून बघता येत नाही, आणि नेमक्या त्यासाठीच ते कुलूप असतं.

दुसरा आकडा ४,५०,०००. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था घातक आणि नकोशा प्रोग्रॅमची मोजदाद ठेवते, आणि रोज, दररोज, साडेचार लाखांहून अधिक नवे नोंदवते. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल आठवा, दारात लोंबकळणारी माणसं धरून साडेचार हजार. अशा शंभर लोकल. एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी, दादरच्या फलाटावर उभं राहून शंभर मोजा आणि प्रत्येक प्रवासी एक नवा घातक प्रोग्रॅम समजा. उद्या पुन्हा शंभर. सेकंदाला पाच! वर्षाला १६ कोटी ४० लाख, महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दीडपट. हा लेख तुम्ही दहा-बारा मिनिटांत वाचून संपवाल, तोवर एक लोकल भरत आलेली असेल.

यातले फार थोडे मॉडच्या वेशात येतात. पण जे येतात ते कसे येतात, हे २०२३ च्या जूनमध्ये दिसलं. फ्रॅक्चरायझर नाव पडलं त्याला. माइनक्राफ्टचे मॉड बनवणाऱ्या काहींची खाती कुणीतरी बळकावली आणि त्यांच्या नावाने, त्यांच्याच पानांवर, कर्सफोर्ज आणि बुकिट या संकेतस्थळांवर विषारी फायली चढवल्या. सापडलेल्यांत बेटर माइनक्राफ्टसारखा मॉडपॅकही होता, ज्याचे तोवर ४६ लाखांहून जास्त डाउनलोड झाले होते. फाइल उघडली की ती मागच्या दाराने दुसरी फाइल आणायची, दुसरी तिसरीला आणायची. मग ब्राउझरमधल्या कुकी, डिस्कॉर्डचं खातं, मायक्रोसॉफ्टचं खातं, सगळं गोळा करून बाहेर पाठवायचं. क्रिप्टो पाठवण्यासाठी तुम्ही पत्ता कॉपी केलात तर पेस्ट होताना तिथे चोराचा पत्ता यायचा. लपायची जागा तर बघा! मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरात एज नावाचं फोल्डर विंडोजमध्ये असतंच. यांनी शेजारी ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असं एकच फोल्डर उघडलं. फरक फक्त एका तिरक्या रेषेचा.

आता आकडे. कर्सफोर्जने सांगितलं की विषारी फायलींचे एकूण डाउनलोड सुमारे ६,००० झाले, म्हणजे तिथल्या माइनक्राफ्टच्या एका दिवसाच्या डाउनलोडच्या ०.०१५ टक्के. उलटं गणित करा. एका दिवसाचे डाउनलोड निघतात सुमारे ४ कोटी. एका दिवसाचे! मुंबईच्या सगळ्या लोकलमधले पाच दिवसांचे सगळे प्रवासी एकत्र केले तरी तेवढे होत नाहीत. आणि त्या सगळ्यांत विषारी किती? एका लोकलपेक्षा थोडे जास्त. दिलासा वाटतो ना? वाटू द्या, कारण तो खरा आहे.

पण लगेच पुढचा गुणाकार करा. फ्रॅक्चरायझरची खरी खुबी ही की संगणकावर सापडेल त्या प्रत्येक जार फाइलमध्ये तो स्वतःला टोचून घ्यायचा. माइनक्राफ्टचा मॉड म्हणजे जार फाइलच. समजा, एकेका संगणकावर दोनशे मॉड आहेत. ६,००० गुणिले २०० म्हणजे १२ लाख विषारी फायली. त्यातल्या चार मित्रांना पेनड्राइव्हवरून दिल्या, त्या मित्रांच्या संगणकावर आणखी दोनशे-दोनशे. म्हणून कॉलेजातल्या मित्राने ‘माझं अख्खं मॉड फोल्डर घे’ म्हटलं की त्याचे आभार मानावेत, मॉडची नावं लिहून घ्यावीत आणि फायली मूळ ठिकाणावरूनच उतरवाव्यात. मित्र प्रामाणिक असतो. त्याच्या फोल्डरात काय शिरलंय, ते त्यालाही ठाऊक नसतं.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, स्ले द स्पायर या गेमच्या डाउनफॉल नावाच्या मॉडचं स्टीमवरचं खातं बळकावलं गेलं आणि मॉडच्या जागी पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम बसवला गेला. तो साधारण तासभर तिथे राहिला. तासभर! वर्षाचे ८,७६० तास, त्यातला एक. मॉडची नवी आवृत्ती निघाल्या निघाल्या अंगावर घेणारे त्या तासात सापडले. दोन दिवस थांबून घेणारे त्या तासाच्या शेजारूनही गेले नाहीत. एवढी स्वस्त संरक्षक भिंत दुसरी नाही. फ्रॅक्चरायझरच्या काही फायली मात्र कित्येक आठवडे कुणाच्या लक्षात न येता पडून होत्या, त्यामुळे नुसतं थांबणं पुरत नाही हेही खरं.

मग बघायचं कुठे? मोठा आकडा लहान करायचा, यातच सगळी गंमत आहे. सिम्स ४ खेळणाऱ्या एखादीच्या मॉड फोल्डरात ५,००० पॅकेज फायली असतात असं धरा. साड्या, सोफे, पडदे, भुवया. आणि ५० स्क्रिप्ट फायली, ज्यांच्या नावाच्या शेवटी टीएस४स्क्रिप्ट लिहिलेलं असतं. पॅकेजमध्ये कपडे-फर्निचर असतं आणि ते गेमच्या आतच राहतं. स्क्रिप्टमध्ये पायथन भाषेतला प्रोग्रॅम असतो, आणि प्रोग्रॅमला गेमच्या बाहेर हात घालता येतो. २०२४ च्या सुरुवातीला सिम्सच्या काही मॉडमध्ये मालवेअर सापडला, तो स्क्रिप्टमध्येच. त्यावर ट्विस्टेडमेक्सी या नावाने काम करणाऱ्या मॉडरने मॉडगार्ड नावाचा पहारेकरी मॉड करून सगळ्यांना फुकट दिला. तर ५,०५० पैकी डोळ्यांत तेल घालून बघायच्या फायली फक्त ५०. शंभरातली एक! शंभर लोकलमधली एकच लोकल तपासायची. हे कुणालाही जमेल.

‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या गेममध्ये एसटीची लाल गाडी चालवणारी मुलं रंगाचा जो साचा उतरवतात, ते साधं पीएनजी चित्र असतं. चित्र हे चित्रच. पण तेच चित्र इएक्सई होऊन आलं, तर थांबा. विंडोज मुळात नावाची शेपटी लपवून ठेवतं, त्यामुळे ‘लालपरी.पीएनजी.इएक्सई’ ही फाइल ‘लालपरी.पीएनजी’ अशीच दिसते. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर एक खूण करा, सगळ्या शेपट्या बाहेर येतात. आणि कुठलाही मॉड ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणाला, की ती टॅब तिथेच बंद करायची. फोनवर ‘मॉड एपीके’ म्हणून गेमच मोडतोड करून वाटतात, पैसे न देता सगळी नाणी उघडून देतो म्हणतात. ते तर मुळीच घेऊ नयेत. तिथे अख्खा प्रोग्रॅमच परक्या हातातून आलेला असतो, आणि त्याच फोनवर आपलं यूपीआय असतं.

फाइल हातात आली की व्हायरसटोटलकडे जा. २००४ मध्ये स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झालेली, २०१२ मध्ये गुगलने घेतलेली ही सेवा फाइलला सत्तरहून जास्त अँटिव्हायरसपुढे उभं करते. सत्तर तपासनीस, एका डब्यात, एकाच प्रवाशाभोवती! एखाद-दुसऱ्याने हात वर केला तर खोटी भीती असू शकते. वीस-तीस हात वर गेले की फाइल उडवायची.

आणि आता श्वास भरून घ्या, कारण सगळ्यांत मोठा आकडा अजून यायचाय, आणि तो आपल्या बाजूने लढणारा आहे.

प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो. त्याला हॅश म्हणतात. फाइल दोन केबीची असो की दोनशे जीबीची, शा-२५६ पद्धतीने काढलेला ठसा चौसष्ट अक्षरांचाच येतो. त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ, अशी सोळाच चिन्हं. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी अख्खा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. मॉडरने आपल्या पानावर ठसा दिला असेल आणि तुमच्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळला, तर वाटेत कुणीही त्या फाइलला हात लावलेला नाही.

पण चोराने वेगळी विषारी फाइल करून तिचा ठसा मूळ फाइलशी जुळवला तर? जुन्या शा-१ पद्धतीत सारख्या ठशाच्या दोन फायली २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गुगलने मिळून खरोखर घडवल्या. दोन्ही फायली आपणच घडवायच्या, असं त्यातल्या त्यात सोपं कोडं होतं. तरी किती ठसे काढावे लागले? ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. एका प्रोसेसरवर ६,५०० वर्षांचं आणि एका ग्राफिक कार्डावर आणखी ११० वर्षांचं काम!

एक ठसा म्हणजे पाण्याचा एक थेंब, असं धरू. एका मिलिलिटरला वीस थेंब. वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरलेली. तिच्यात सुमारे ७१२ कोटी थेंब. शा-१ फोडायला लागलेले थेंब साठवायला अशा विहिरी किती लागतील? १३० कोटी. भारतात जवळजवळ माणशी एक विहीर! धरणांत मोजायचं तर १०५ टीएमसीचं कोयना धरण, तेही १५५ वेळा भरून. १५५ कोयना, थेंबाथेंबाने.

हे झालं फुटलेल्या कुलपाचं. आता न फुटलेलं. शा-२५६ चे वेगवेगळे ठसे किती होऊ शकतात, तो आकडा सबंध छापायलाच हवा:

११५७९२ ०८९२३७ ३१६१९५ ४२३५७० ९८५००८ ६८७९०७ ८५३२६९ ९८४६६५ ६४०५६४ ०३९४५७ ५८४००७ ९१३१२९ ६३९९३६.

अठ्ठ्याहत्तर अंक. ठराविक मॉडच्या ठशाशी जुळणारी दुसरी फाइल शोधायची तर चोराला साधारण एवढ्या वेळा प्रयत्न करावा लागेल. विहिरी इथे उपयोगाच्या नाहीत. धरणंही नाहीत. पृथ्वीवरचे सगळे महासागर घ्या. अरबी समुद्र, हिंदी महासागर, प्रशांत, अटलांटिक, सगळं मिळून सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी. त्याचे थेंब करा.

पुरले का? नाही!

मग त्यातला प्रत्येक थेंब उचला आणि त्या जागी सबंध पृथ्वीचे सगळे महासागर ओता. गुहागरच्या किनाऱ्यावर ओंजळ भरलीत, तर ओंजळीत हजारो पृथ्वींचे समुद्र. त्या सगळ्यांचे थेंब करा. पुरले? अजून नाही!

पुन्हा तेच करा. त्या दुसऱ्या समुद्रांतला प्रत्येक थेंब उचला आणि त्याच्याही जागी पृथ्वीचे सगळे महासागर ओता. समुद्रातल्या थेंबातल्या समुद्रातल्या थेंबातले समुद्र. आता सगळ्यांचे थेंब मोजा. तरीही कमी! हा अख्खा पसारा सहा वेळा उभा करा, तेव्हा कुठे ती संख्या येते. आणि त्या सहाही पसाऱ्यांतला नेमका एक थेंब चोराला हवाय.

हे सगळं तुमच्या संगणकात आत्ता आहे, फुकट. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करा आणि यादीतून शा-२५६ निवडा. ते नसेल तर विंडोजमध्ये सर्टयुटिल मुळातच असतं. पन्नास एमबीच्या मॉडचा ठसा डोळ्याचं पातं लवेपर्यंत तयार होतो. मॉडरने ठसा दिलेला नसला तरी तो व्हायरसटोटलच्या शोधपेटीत टाका. हीच फाइल आधी कुणी तपासली असेल, तर फाइल न चढवताच सत्तर तपासनिसांचा निकाल समोर येतो. मात्र मॉडरचं खातंच बळकावलं गेलं असेल, तर ठसाही चोरच देईल. म्हणून ते दोन दिवस थांबणं आणि त्या पन्नास स्क्रिप्ट बघणं सुटत नाही.

आणि जुळवताना चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळवा. पुष्कळ जण पहिली चार बघतात, शेवटची चार बघतात आणि ‘जुळलं’ म्हणतात. आठ अक्षरांच्या शक्यता किती? ४२९ कोटी फक्त. सहा पसारे गेले, महासागर गेले, १५५ कोयना गेल्या, एक विहीरसुद्धा दोन-तृतीयांश भरत नाही. चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला अब्जावधी ठसे काढतं, त्याला एवढ्याशा पाण्याला सेकंदही लागू नये. तेव्हा डोळ्यांनी ताडून बघूच नका. आपला ठसा कॉपी करा, मॉडरचं पान उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, पेस्ट करा. सापडला तर अख्खा सापडेल.